‘चार्लीज टांटे’ : खोट्या मावशीच्या जर्मन चित्रपटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता?

1956 साली पश्चिम जर्मनीत प्रदर्शित झालेला रंगीत विनोदी चित्रपट. दिग्दर्शक हान्स क्वेस्ट, पटकथा गुस्टाव काम्पेन्डोंक यांची आणि मुख्य भूमिकेत हाइन्झ र्‍यूमान. मूळ कृती म्हणजे ब्रॅन्डन थॉमस यांचं 1892 सालचं इंग्रजी प्रहसन ‘चार्लीज आन्ट’.

हे नाव वाचून काहीच आठवत नसेल तर दुसरी खूण सांगतो. आचार्य अत्र्यांनी याच प्रहसनावरून ‘मोरूची मावशी’ लिहिलं. म्हणजे विजय चव्हाणांची मावशी आणि र्‍यूमानची टांटे एकाच आजीच्या नाती. जर्मन चित्रपट बघायला बसलेला मराठी प्रेक्षक पहिल्या पंधरा मिनिटांत ‘अरे, हे तर आपलंच’ म्हणतो, त्याचं कारण हे.

याच नावाचे आणखी जर्मन चित्रपट आहेत ना? घोळ होतो.

होतो खरा. 1934 साली रोबेर्ट श्टेमले यांनी एक केला, त्यात पाउल केम्प होता. 1956 चा र्‍यूमानचा. आणि 1963 साली गेझा फॉन त्सिफ्रा यांनी पेटर आलेक्सांडरला घेऊन आणखी एक काढला. तो चित्रपट मुळात ऑस्ट्रियाचा, पण भाषा जर्मन आणि गर्दी दोन्ही देशांतली. शोधताना नावाबरोबर साल टाका, नाहीतर हमखास चुकीचा समोर येतो.

कुठला बघायचा असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : 1956 चा. पुढचं सगळं मुख्यतः त्याच्याबद्दल.

मूळ नाटकात काय घडतं?

स्थळ ऑक्सफर्ड. जॅक चेस्नी आणि चार्ली वायकम हे दोन विद्यार्थी किटी आणि एमी या दोन मुलींच्या प्रेमात आहेत. मुलींना जेवायला खोलीवर बोलवायचं, पण त्या काळच्या इंग्लंडात कोणी वडीलधारी बाई हजर असल्याशिवाय चांगल्या घरच्या मुली तरुणांच्या खोलीवर पाऊल ठेवणार नाहीत. सुदैवाने चार्लीची कधी न पाहिलेली श्रीमंत मावशी, डोना लुसिया, ब्राझीलहून त्याच दिवशी येणार असते. आमंत्रणं जातात आणि मग मावशीची तार येते, की येणं लांबलं.

तेवढ्यात मित्रांच्या तावडीत सापडतो लॉर्ड फॅन्कोर्ट बॅबर्ली, म्हणजे बॅब्स. त्याला हौशी नाटकात म्हातारीची भूमिका करायची आहे, कपडे सोबतच आहेत. झाली मावशी तयार. मावशी करोडपती आहे हे कळताच मुलीचा खडूस काका स्पेटिग आणि जॅकचे कर्जात बुडालेले वडील सर फ्रान्सिस, असे दोघे तिच्या मागे लागतात. मग खरी डोना लुसिया वेगळ्याच नावाने येऊन हा तमाशा शांतपणे बघत बसते.

या नाटकाचा सांगाडा इतका घट्ट आहे की त्यातला एक खिळा काढला तर पुढचं सगळं कोसळेल. चहा ओतणं, सिगार ओढणं, लग्नाला संमती देणारं पत्र, यांतली प्रत्येक गोष्ट पुढे कुठेतरी कामाला येते. नाटक करणाऱ्यांनी संहिता कापण्याआधी याचा विचार करावा. भल्याभल्यांनी यात हात पोळून घेतलेत.

ते एवढं चाललं तरी किती?

29 फेब्रुवारी 1892 रोजी बरी सेंट एडमंड्स या लहान गावात पहिला प्रयोग झाला. डिसेंबरात नाटक लंडनच्या रॉयल्टी थिएटरात आलं, थोड्याच दिवसांत जागा अपुरी पडली म्हणून ग्लोब थिएटरात गेलं आणि 1896 च्या डिसेंबरपर्यंत सलग 1,466 प्रयोग झाले. त्या काळच्या मानाने हा आकडा अचाट होता. बॅब्सची भूमिका डब्ल्यू. एस. पेन्ली करत असे. लंडनच्या सुरुवातीच्या प्रयोगांत खुद्द लेखक ब्रॅन्डन थॉमस सर फ्रान्सिस झाले होते. पुढे मूळ कल्पना कोणाची यावरून पेन्ली आणि थॉमस यांच्यात बिनसलं. नाटक चाललं नसतं तर हे भांडण झालंच नसतं.

पुढच्या पिढ्यांतले मोठे नटही या नाटकातून गेले. नोएल कॉवर्ड 1916 साली आणि जॉन गिलगुड 1923 साली चार्ली झाले होते. नव्या नटाला टायमिंग शिकवणारी शाळा म्हणून इंग्लंडात या नाटकाकडे बघितलं गेलं.

जर्मनीत ते चित्रपटातूनच पोचलं का?

नाही, त्याच्या कितीतरी आधी रंगभूमीवर. बर्लिनमध्ये गीडो टील्शर नावाच्या बुटक्या, गोल नटाने ही ‘मावशी’ केली आणि त्याचं नाव त्या भूमिकेशी कायमचं जोडलं गेलं. 1956 च्या प्रेक्षकाला गोष्ट ठाऊकच होती. आजीने पाहिलेली, आईने पाहिलेली. पुढे काय होणार यापेक्षा, र्‍यूमान ते कसं करणार, यासाठी तो तिकीट काढत होता.

इंग्रजी विनोदाचं जर्मनांना असलेलं वेड एवढ्यावर थांबत नाही. ‘डिनर फॉर वन’ हे फ्रेडी फ्रिन्टन आणि मे वॉर्डन यांचं छोटं इंग्रजी प्रहसन उत्तर जर्मन दूरचित्रवाणीने 1963 साली चित्रित केलं. भाषांतर न करता, इंग्रजीतच. दरवर्षी 31 डिसेंबरला जर्मनीत ते लावतात आणि संवाद पाठ असलेली घरं परत हसतात.

1956 च्या चित्रपटात मूळ गोष्ट किती बदलली?

कळीचा बदल एकच, आणि माझ्या मते सगळा चित्रपट त्यावर उभा आहे.

नाटकातली खोटी मावशी म्हणजे विशीतला उडाणटप्पू विद्यार्थी. असल्या पोराने साडीचोळी काय, गाउन काय, काहीही चढवलं तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही. गंमत वाटते, पण धोका वाटत नाही. चित्रपटात हा भार येतो डॉक्टर ओटो डेर्नबुर्ग यांच्यावर. पन्नाशीतला, परराष्ट्र खात्यातला, दक्षिण अमेरिकेतून मायदेशी आलेला प्रतिष्ठित गृहस्थ. धाकटा भाऊ राल्फ याला भेटायला येतो आणि राल्फ व त्याचा मित्र चार्ली यांच्या भानगडीत अडकतो. दोघांनी दोन स्वीडिश मुलींना घरी बोलावलेलं असतं आणि चार्लीची ब्राझीलची मावशी कार्लोटा रामिरेझ आलेली नसते.

आता बघा काय झालं. विद्यार्थी पकडला गेला तर कॉलेजातून हाकलतील. सरकारी अधिकारी झग्यात पकडला गेला तर अख्ख्या आयुष्याची अब्रू जाते. त्यामुळे प्रत्येक दार उघडताना, प्रत्येक घंटी वाजताना ताण दुप्पट होतो. शिवाय र्‍यूमानचा चेहरा असा, की त्यावर ‘मी इथे नसायला पाहिजे होतं’ हे वाक्य कायम कोरलेलं. तरुण नट धावपळ करून हशा घेतो, हा नुसता शरमून घेतो.

दुसरा बदल शेवटाकडे आहे. नाटकात खरी मावशी जॅकच्या वडिलांशी जुळते आणि बॅब्सला स्वतंत्र नायिका मिळते. चित्रपटात खोट्या मावशीची गाठ खऱ्या मावशीशी पडते. ज्या बाईची नक्कल करत होता तिच्यासमोरच उघडं पडायचं, ही कल्पना मला मूळ नाटकापेक्षाही चांगली वाटते. ब्रॅन्डन थॉमसच्या चाहत्यांनी माफ करावं.

पण 1956 साली मुलींना घरी बोलवायला मावशी कशाला हवी? तो काळ तर बराच पुढारलेला.

वाटतो तेवढा नव्हता. पश्चिम जर्मनीच्या दंडविधानात तेव्हा एक कलम होतं, ज्याखाली अविवाहित स्त्री-पुरुषांना एकत्र राहायला जागा देणाऱ्यावर खटला होऊ शकत असे. घरमालकच काय, आपल्या सज्ञान मुलामुलीला घरात मोकळीक देणारे आईवडीलही कचाट्यात सापडू शकत. म्हणून खोली भाड्याने देणाऱ्या बायका पाहुण्यांवर डोळा ठेवून असत आणि ‘रात्री दहानंतर भेटी बंद’ हा नियम निव्वळ खडूसपणातून आलेला नव्हता. हे कलम 1969 ते 1973 या काळातल्या सुधारणांत सैल झालं.

चित्रपटात या कायद्यावर कोणी भाषण देत नाही. पण तेव्हाच्या प्रेक्षकाला ब्रह्मचारी तरुणांच्या घरात वडीलधारी बाई असणं पटत होतं. आज बघताना हा संदर्भ माहीत नसेल तर पहिला अर्धा तास उगाचच बेतलेला वाटतो.

दक्षिण अमेरिकेतून परतलेला जर्मन, 1956 साली? यात काही सूचक आहे का?

चाणाक्ष प्रश्न आहे आणि तो नेहमी येतो. युद्धानंतर अनेक नाझी त्याच दिशेने पळाले, हे खरं. पण मावशी ब्राझीलची असणं मूळ 1892 च्या नाटकातच आहे. तिथे ब्राझील म्हणजे फक्त लांबचा, उबदार, पैसेवाला देश. चित्रपट त्या दुसऱ्या वाटेला चुकूनही जात नाही. पन्नाशीच्या दशकातल्या बहुतेक जर्मन करमणूकपटांप्रमाणे यालाही दहा वर्षांपूर्वी काय झालं याची आठवण नको आहे. घरं नवी, गाड्या नव्या, पडदे नवे. हा कोरेपणाच त्या काळाबद्दल बरंच काही सांगतो.

हाइन्झ र्‍यूमान कोण?

जर्मन भाषकांना हा प्रश्न विचारू नका, दुखावतील. 1902 साली एसेनमध्ये जन्म, 1994 साली मृत्यू. 1930 च्या ‘डी ड्राय फॉन डेर टांकश्टेले’ या संगीतपटाने तो घराघरात पोचला आणि पुढची सहा दशकं लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला. शेवटचं काम विम वेन्डर्सच्या 1993 च्या चित्रपटातलं. बुटका, साधा, कधीही न ओरडणारा नट. विमान चालवायचं अस्सल वेड होतं, ते वेगळंच.

त्याच्या कामांत एक धागा मला नेहमी दिसतो. 1944 च्या ‘फॉयरत्सांगेनबोवले’त तो एक प्रौढ लेखक आहे, जो वेष पालटून शाळकरी मुलगा म्हणून वर्गात जाऊन बसतो. तेव्हा र्‍यूमान चाळिशी ओलांडलेला होता! 1956 च्या सुरुवातीला ही खोटी मावशी. आणि त्याच वर्षी ‘डेर हाउप्टमान फॉन क्योपेनिक’, ज्यात तो खोटा कॅप्टन होतो. हे शेवटचं प्रकरण खऱ्या घटनेवर आहे : 1906 साली विल्हेल्म फोइग्ट नावाच्या मोच्याने जुन्या बाजारातून लष्करी गणवेश घेतला, रस्त्यातल्या सैनिकांना हुकूम सोडले आणि क्योपेनिकच्या नगरपालिकेची तिजोरी रिकामी केली. हेल्मुट कॉयटनर दिग्दर्शित त्या चित्रपटाला परदेशी चित्रपटांच्या विभागात ऑस्करचं नामांकन मिळालं.

मावशीकडे हलकंफुलकं आणि कॅप्टनकडे थोर, असं समीक्षक बघतात. मला ती दोन्ही एकाच हाताची कामं वाटतात. दोन्हीकडे कपडे बदलताच जग त्याच माणसाशी वेगळं वागू लागतं. गणवेशाला सलाम, झग्याला फुलं. शक्य असेल तर दोन्ही एकाच आठवड्यात बघा.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. नाझी काळात र्‍यूमान काम करत राहिला, सत्ताधाऱ्यांचा लाडका होता आणि 1938 साली त्याने ज्यू पत्नीला घटस्फोट दिला. यामागे तिला वाचवणं किती आणि स्वतःची कारकीर्द किती, यावर आजही वाद होतात.

खरी मावशी कोणी केली?

हेर्टा फाइलर. 1939 पासून र्‍यूमानची खऱ्या आयुष्यातली पत्नी. बाकी मंडळी : राल्फच्या भूमिकेत क्लाउस बीडरश्टेट, चार्ली म्हणजे वाल्टर गिलर आणि त्याचे वडील झालेले व्हिएन्नाचे जुने जाणते पाउल हयोर्बिगर. तरुण जोड्या गोड आहेत, पण चित्रपट संपल्यावर त्यांचे चेहरे आठवत नाहीत.

र्‍यूमान खरंच बाई वाटतो का?

नाही, आणि वाटताही कामा नये.

आपल्याकडे बालगंधर्वांची परंपरा आहे, म्हणून हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो. बालगंधर्वांच्या सिंधूकडे किंवा रुक्मिणीकडे बघताना प्रेक्षकाने पुरुष विसरावा अशी साधना होती. बायका त्यांच्या साड्यांची, अंबाड्याची फॅशन उचलत. प्रहसनातल्या मावशीचं गणित नेमकं उलटं आहे. रंगमंचावरच्या मूर्खांना ती बाई वाटली पाहिजे आणि प्रेक्षकाला क्षणभरही वाटता कामा नये. झग्याखालचे बूट, सिगार दिसताच चाळवणारा हात, बसताना फाकणारे गुडघे हे सतत डोकावत राहायला हवेत. नट फार सुंदर दिसला तर नाटक पडतं. फार धसमुसळा दिसला तर बाकीची पात्रं निव्वळ आंधळी ठरतात. र्‍यूमान या दोन्हींच्या मधे चालतो आणि जास्त करून थांबून हशा घेतो.

विजय चव्हाणांची रीत वेगळी होती. ते अंगभर नाचत, ‘टांग टिंग टिंगाक्’वर सगळं थिएटर ताल धरत असे. त्यांच्या आधी बापूराव माने ही मावशी करत. पण 1980 च्या दशकात दिलीप कोल्हटकरांच्या दिग्दर्शनात, प्रशांत दामले आणि प्रदीप पटवर्धन सोबत असताना चव्हाणांनी जे केलं, त्यात बोर्डावरची ऊर्जा होती. कॅमेऱ्यासमोर तेच केलं असतं तर कदाचित भडक वाटलं असतं. र्‍यूमानला क्लोजअप मिळतो, म्हणून त्याला भुवई पुरते.

1963 चा पेटर आलेक्सांडरचा कसा आहे?

आलेक्सांडर गायक, त्यामुळे गाणी जास्त. माणूस गोड, चित्रपट विसरण्याजोगा. गाण्यांसाठी बघा.

‘सम लाइक इट हॉट’ जर्मन चित्रपटावरून घेतला, हे खरं?

हो, पण ‘चार्लीज टांटे’वरून नाही. 1935 च्या ‘फान्फार दामूर’ या फ्रेंच चित्रपटावरून कुर्ट होफमान यांनी 1951 साली ‘फान्फारेन डेर लीबे’ केला. कामासाठी बायकांच्या वाद्यवृंदात शिरणारे दोन वादक, ही त्याची गोष्ट. बिली वाइल्डरने तो धागा उचलून 1959 चा चित्रपट केला. त्याआधी 1933 साली राइनहोल्ड श्युन्त्सेल यांचा ‘व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया’ आलाच होता, तिथे बाई पुरुष होते आणि तो पुरुष बाईची नक्कल करतो. जर्मन माणसाला वेषांतराचा विनोद जमत नाही, असं म्हणणाऱ्यांना ही यादी दाखवा.

आणखी कोणकोणत्या देशांत ही मावशी गेली?

अमेरिकेत 1925 साली चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिडनी मूकपटात मावशी झाला, 1941 साली जॅक बेनी. 1948 मध्ये ब्रॉडवेवर याचं संगीत नाटक झालं. डेन्मार्कात 1959 साली डिर्क पासर. पण र्‍यूमानला खरी टक्कर देते ती सोव्हिएत मावशी : 1975 च्या दूरचित्रवाणी चित्रपटातला अलेक्सांद्र काल्यागिन. गुबगुबीत, लाजरा आणि पुरता बेरकी. रशियन माणसाला त्यातले संवाद तोंडपाठ असतात.

आज बघताना खटकतं का?

थोडं. मुली अजून बक्षिसासारख्या वाटून दिल्या जातात, आणि पैशासाठी म्हातारीच्या मागे लागणारे पुरुष ही गंमत मानली आहे. मात्र हसू कोणाच्या खर्चाने येतं ते नीट बघा. झगा घातलेल्या माणसाला कमी लेखून इथे हशा घेतलेला नाही. फजिती होते ती पैसा दिसताच हात जोडणाऱ्या पुरुषांची. सिगारची हुक्की आवरत बसलेल्या र्‍यूमानसमोर एक जाडजूड पुरुष प्रेमाचे शब्द बोलू लागतो, तेव्हा बायकांना रोज काय सहन करावं लागतं त्याचा बारीकसा नमुना समोर येतो. चित्रपटाला तेवढं अभिप्रेत होतं का, हा मुद्दा वेगळा.

जर्मन येत नसेल तर समजेल का?

‘मोरूची मावशी’ पाहिली असेल तर जवळजवळ सगळं समजेल. पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांना तर हा चित्रपट उत्तम सराव आहे. र्‍यूमानचे उच्चार स्वच्छ, वाक्यं छोटी. हयोर्बिगरचा व्हिएन्नाचा हेल सुरुवातीला अडतो, पण कान बसतात.

आम्हाला गणेशोत्सवात हे नाटक करायचं आहे. परवानगी लागेल का?

कोणती संहिता घेता त्यावर आहे. ब्रॅन्डन थॉमस 1914 साली वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणून मूळ इंग्रजी नाटक केव्हाच खुलं झालं आहे. त्यावरून तुम्ही स्वतः नवं रूपांतर करू शकता. पण अत्रे 1969 साली गेले, तेव्हा ‘मोरूची मावशी’चे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत आणि तिच्या प्रयोगाला हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. त्या नाटकातली गाणी वापरायची तर त्यांची वेगळी. चित्रपटातले नवे प्रसंग, म्हणजे सरकारी अधिकारी असलेला भाऊ, स्वीडिश मुली वगैरे, जसेच्या तसे उचलू नका, ते पटकथाकाराचे आहेत.

आणि मावशीसाठी गल्लीतला सगळ्यात विनोदी मुलगा निवडू नका. सगळ्यात गंभीर निवडा.